मुदत पुरी व्हायला अकरा महिने

माझी आत्या लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन माहेरी परतली. आई शेतावर असायची, मला वाढवलं तिनेच. लोधिवलीजवळची आमची भाताची जमीन कारखान्यासाठी गेली, तेव्हा वडिलांनी तिचा वाटा तिच्या हातावर ठेवला. बहिणीला कुणी देत नसे. लोक वडिलांना हसले.

मी तेव्हा खोपोलीला कारकून होतो. घरात व्याज समजणारा मी एकटा. आत्याला दोन म्हशी घ्यायच्या होत्या. मी म्हटलं, "म्हैस आटते, मरते. बँकेत ठेव, सात वर्षांत दुप्पट होतील." तिने लगेच मानलं.

सहावं वर्ष सरलं आणि तिचे डोळे दुखू लागले. दिवेलागणीला म्हणाली, "दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय रं." शेजारणी म्हणाल्या, मोतीबिंदू असेल, पिकल्याशिवाय काढत नाहीत. तरी मी तिला पनवेलच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "हा काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत दाब वाढलाय. मुंबईला नेऊन ऑपरेशन करून घ्या, थांबू नका. यात गेलेली नजर परत येत नाही."

परतताना चौक गावाला एस.टी.तून उतरलो. चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर मी डॉक्टरांच्या चिठ्ठीमागेच हिशेब मांडला.

"ठेव आत्ता मोडली तर व्याज बरंच बुडेल," मी म्हणालो. "अकरा महिने राहिलेत."

"मग थांबू."

"फार दुखतं का?"

"दुखतंय. पण मला त्यातलं काय कळतंय? तू शिकलेला हायस."

माझ्याकडे पैसे नव्हते असं नाही. स्कूटरसाठी नंबर लावून मी रक्कम भरली होती, ती परत घेता आली असती. तेव्हा ते सुचलंच नाही, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. सुचलं होतं.

डोळ्यांत थेंब घालत राहिलो. तांदूळ आत्याच निवडायची. पावसाळ्यानंतर भातात खडे लागू लागले. आई चिडली तर आत्या म्हणायची, गिरणवाल्याने नीट कांडलं नाय. मग एकदा ती ओटीच्या पायरीवरून पडली, आणि पायरी ओली होती म्हणाली. पायरी कोरडी होती. तीनच महिने उरले होते.

मुदत पुरी झाली त्या दिवशी तिला बँकेत नेलं. सही कुठे करायची ते तिला दिसेना. शेवटी शाईचा अंगठा घेतला. दुसऱ्या दिवशी मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?"

बाहेर आल्यावर आत्याने विचारलं, "पैसं झालं का दुप्पट?"

"झाले."

"मग तुझं गणित चुकलं नाय."

टोमणा असता तर बरं वाटलं असतं. ती मनापासून बोलली होती.

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. वडील गेले, आई थकली, मी ड्यूटीवर. आत्याला धरून परसाकडे न्यायला, ताटात काय कुठे वाढलंय ते सांगायला वाडीतली एक बाई ठेवली. तिचा पगार त्या दुप्पट झालेल्या पैशांतून जायचा. सहाव्या वर्षी ते संपले. मी आत्याला कळू दिलं नाही. ती अधूनमधून विचारायची, "अजून हायेत ना रं?" मी म्हणायचो, "हायेत."