शेवटच्या टेबलावरचा मीटर

"जास्तीचा करंट कुठून आणलास गं? तुमच्या वस्तीत तारेवर आकडा टाकून वीज चोरतात, तशी इथेपण चोरलीस का?"

सर असं बोलले. भर लॅबमध्ये, चार टेबलांसमोर. आणि लॅब हसली.

दादरचं पोलिटेक्निक. पहिलं वर्ष. प्रॅक्टिकल साधं होतं. सप्लायमधून निघालेला करंट पुढे दोन फाट्यांत वाटला जातो. दोन्ही फाट्यांची बेरीज मूळ करंटइतकीच यायला हवी. एवढंच पडताळायचं. माझ्या मूळ वायरमध्ये पन्नास मिलिअँपिअर होते. एका फाट्यात तीस, दुसऱ्यात अठ्ठावीस. बेरीज अठ्ठावन्न. मी जे दिसलं ते लिहिलं.

वीज चोरतात म्हणे. आम्ही कॉटन ग्रीनला गोदामांच्या मागे राहतो. बाबा गोदामात माल उतरवतात. घराला स्वतःचा मीटर मिळावा म्हणून आईने वीज कंपनीच्या ऑफिसच्या किती पायऱ्या झिजवल्या ते मी पाहिलंय. मीटर बसला त्या दिवशी तिने गल्लीभर पेढे वाटले होते. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मान खाली गेली. हसणाऱ्यांमध्ये माझ्याच टेबलावरचा सुमितही होता. भीतीने हसत होता, हे मला कळत होतं. तरी हसत होता.

मान खाली होती म्हणूनच दिसलं. मी सप्लाय बंद केला होता आणि दुसऱ्या फाट्यातल्या मीटरचा काटा शून्यावर आलाच नव्हता. आठावर अडकला होता. वायर काढून टाकली. तरी आठ.

"सर, मीटर खराब आहे."

"माहितीये मला," सर म्हणाले. शांतपणे. "शेवटच्या टेबलाचा मीटर तसाच आहे, दोन वर्षं झाली. आठ वजा करायचे आणि मॅनेज करायचं. तुझ्याआधीच्यांना जमलं, तुलाच बरं जमत नाही?"

माहीत होतं! मीटर खोटा आहे हे माहीत असताना माणूस मला चोर म्हणाला. आधी चोर म्हणाला, आणि नंतर सांगितलं की माहीत आहे.

आता शेवटचं टेबल म्हणजे काय, ते ऐका. आमच्याकडे रोल नंबर नावाच्या अक्षरांवरून देत नाहीत. अ‍ॅडमिशनच्या यादीवरून देतात. आधी ओपनची यादी, मग बाकीच्या, सगळ्यात खाली आमची. पहिल्या टेबलावर पहिले नंबर, शेवटच्या टेबलावर शेवटचे. कुणी पाटी लावत नाही. कुणी तोंडाने जात काढत नाही. नुसते नंबर पुकारतात आणि आपण चालत जाऊन बरोबर आपल्या जागी बसतो. नवे मीटर आले की पहिल्या टेबलापासून वाटत येतात. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर संपतात.

मी पहिल्या टेबलाकडे पाहिलं. तिथे ओंकार होता, वर्गातला हुशार म्हणून गाजलेला. त्याच्या सप्लायची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये नव्हतीच. टेबलावर लोळत होती. आणि जर्नलमध्ये रीडिंग भरून तयार. पन्नास, तीस, वीस. सिनियरच्या जर्नलमधून उतरवलेली. सरांनी त्याखाली सही केली.

"सर, त्याची तर पिनच लावलेली नाही."

ओंकार हसत म्हणाला, "अगं, लॉ सगळ्यांना माहितीये. करून काय बघायचं?"

सरही हसले. "त्याला कन्सेप्ट क्लिअर आहे. तू तुझं बघ."

त्याने न मोजता लिहिलं, त्याला कन्सेप्ट क्लिअर. मी मोजून लिहिलं, मी चोर. त्या क्षणी माझ्या डोक्यातली भीती संपली. संपली म्हणजे संपलीच. आठ वजा करणं अवघड नव्हतं. माझ्याआधी या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाने मुकाट वजा केलं होतं. म्हणून तर मीटर दोन वर्षं तसाच होता.

मी पेन घेतलं आणि निष्कर्षाच्या जागी लिहिलं: "या टेबलावर नियम पडताळता आला नाही. मीटर खराब आहे. सरांना हे माहीत आहे."

सरांनी वाचलं. चेहरा लाल. "हे खोड. नाहीतर सही नाही. सही नाही तर सबमिशन नाही, टर्म गेली. कळतंय का?"

"कळतंय. खोडणार नाही."

मी खोडलं नाही आणि सरांनी सही केली नाही. टर्म खरंच अडकली. बाबा म्हणाले, "पोरी, माफी माग नि मोकळी हो. आपल्याला ही भांडणं झेपायची नाहीत." आई ताडकन म्हणाली, "माफी कसली? घेऊन ये त्या मास्तराला घरी. मीटर दाखवते त्याला."

काल विभागप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. आवाज गोड. "तू हुशार आहेस. ते वाक्य खोड, सही मिळेल. आणि तुझी जागा आपण दुसऱ्या टेबलावर करू. तिथे मीटर नवा आहे."

"आणि सुमित?"

"त्याची काही तक्रार नाही ना."

"आणि पुढच्या वर्षी तिथे येतील ते?"

"तू कशाला सगळ्यांचं ओझं घेतेस?"

मी उठले. पाण्याला हात लावला नव्हता.

तर विभागप्रमुख साहेब, इथे नोटीस बोर्डावर लिहून देते, सगळ्यांनी वाचावं म्हणून. मला एकटीला नवा मीटर नको. ते वाक्य खोडणार नाही, टर्म गेली तर जाऊ दे. रोल नंबर यादीवरून लागणं बंद करा. ते बंद होईपर्यंत आमच्यातला एकही जण नंबर पुकारल्यावर जागेवरून हलणार नाही. सुमितशी बोलणं झालंय. या वेळी तो हसला नाही. सोमवारी प्रॅक्टिकल आहे. आम्ही लॅबच्या दारात बसणार. आत जायचं असेल त्याने आम्हाला ओलांडून जावं.