पाठमोरी माणसं

लखनौच्या विकास नगरात असा एकही माणूस नसेल, ज्याची पाठ माझ्या आत्याला पाठ नाही. दूधवाले, पोस्टमन, निवृत्त न्यायाधीश, मंदिराबाहेर झेंडू विकणारी बाई, सगळे तिने मागून रंगवलेत. बँकेतून निवृत्त झाल्यावर सुरुवातीला ती रीतसर चेहरेच काढायची, पण चेहरा काढला की दुसऱ्या दिवशी तो माणूस तक्रार घेऊन दारात हजर. कुणाला नाक मोठं वाटे, कुणाला वय. एका बाईंनी तर घरात नसलेला हार चित्रात गळ्यात घालून घेतला आणि मग त्याची घडण पसंत नाही म्हणून बदलून मागितला. त्या दिवशी आत्याने कुंचले धुतले आणि जाहीर केलं, "चेहऱ्यांचे नखरे फार. पाठ बिचारी गुणी असते रे, कधी काही म्हणत नाही."

तेव्हापासून तिच्याबरोबर रस्त्याने चालण्याची सोय उरली नाही. समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला ती नमस्कारही धड करत नाही. तो पुढे जाईपर्यंत कशीबशी थांबते आणि मग प्रेमाने त्याच्याकडे बघत राहते. एकदा भाजी आणायला म्हणून निघाली आणि एका उंच माणसाच्या मागे मागे थेट इंदिरा नगरच्या मेट्रो स्टेशनात पोचली. तो बावरून म्हणाला, "माताजी, किसी को ढूँढ रही हैं?" आत्या म्हणाली, "नहीं भैया, मिल गया. आप चलते रहिए." घरी काकांची, म्हणजे आत्याच्या यजमानांची, तऱ्हा आणखी वेगळी. रेल्वेत इंजिनियर होते, आयुष्यभर पूल उभे केले. आता त्यांना रोज भिंतीकडे तोंड करून पोहे खावे लागतात. मला म्हणाले, "एवढे पूल बांधले, कुणी ढुंकून बघितलं नाही. आता नुसता बसलो तरी चित्र होतं."

एका वेळी सात-आठ चित्रं अर्धवट आणि दोन-तीन प्रदर्शनं ठरलेली, ही आत्याची कायमची अवस्था. सध्या एका दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात प्रदर्शन भरवायचं चाललंय ("तिथे प्रेक्षक गाल धरून बसलेले असतात, टीका करत नाहीत"), आणि गणपतीत मराठी मंडळात आहेच. पण मोठं प्रदर्शन झालं ते गेल्या थंडीत, कॉलनीच्या बारातघरात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये. दोन लग्नांच्या मधले दोन दिवस तिला मिळाले होते. मी नेमका ऑफिसच्या कामाने पुण्याहून गेलो होतो, त्यामुळे खिळे ठोकायला लागलो. एकेचाळीस पाठी भिंतीवर लागल्या. नाव एकाही चित्राखाली नाही. "ज्याची त्याने ओळखावी," आत्या म्हणाली.

पण ओळखायला कुणी येईना. अकरा वाजले, बारा वाजले. आत्याने ठेवणीतली पैठणी नेसली होती. ती खुर्च्या सरळ करत होती, मग केलेल्या खुर्च्या पुन्हा सरळ करत होती. काका आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. "थंडी आहे ना, लोक उशिरा निघतात," असं ती तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी एक घट्ट बसलेला खिळा पुन्हा ठोकायला घेतला.

एवढ्यात कॉलनीतले एक निवृत्त प्राचार्य आणि त्यांचे शेजारी वकीलसाहेब असे दोघे आत आले आणि एकाच चित्रापुढे थांबले. पांढऱ्या बनियनमधली, किंचित वाकलेली, रुंद, देखणी पाठ. प्राचार्य गहिवरून म्हणाले, "वाह! मेरी पीठ."

वकीलसाहेब खाकरले. "गुस्ताख़ी माफ़, मगर ये पीठ मेरी है."

"हुज़ूर, आपकी पीठ में इतना दम कहाँ?"

लखनौचं भांडण ते, 'आप' सोडून कुणी खाली येईना आणि आवाज मात्र चढत गेला. शेवटी दोघांनी कोट काढले, स्वेटर काढले आणि कडाक्याच्या थंडीत चित्राच्या दोन बाजूंना पाठमोरे उभे राहिले. "अब पब्लिक फ़ैसला करे!" ही बातमी कॉलनीत कशी पसरली कोण जाणे, पण पंधरा मिनिटांत हॉल भरला. बायका स्वयंपाक टाकून आल्या. मतदान झालं, फेरमतदान झालं. तेवढ्यात हातगाडी बाहेर लावून भाजीवाला भैया आत डोकावला, चित्राजवळ गेला आणि लाजून म्हणाला, "मैडम, ये तो हम हैं. बनियान यहीं से फटी है."

सगळे आत्याकडे वळले. "वीस वर्षं हा माझ्यासाठी वाकून भेंडी निवडतोय," ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाची असणार?" प्राचार्यांनी भैयाला वाकून आदाब केला, वकीलसाहेबांनी स्वतःची खुर्ची दिली, आणि मग जो तो स्वतःला शोधत भिंतीभिंतीने धावू लागला. हसून हसून काकांना ठसका लागला.

त्या गर्दीतून मागे सरताना कोपऱ्यातलं एक छोटं चित्र मला दिसलं. गेटबाहेर पडणारा एक माणूस, खांद्यावर बॅग, अंगात निळा चौकड्यांचा शर्ट. तो शर्ट मी कधीच टाकून दिला होता.

"आत्या, हा मी ना?"

"हो. तुझी सहा-सात आहेत घरात."

"कधी बोलली नाहीस."

"तू असतोस तेव्हा गप्पा मारण्यात आणि खाऊ घालण्यातच दिवस जातात," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "काढायला वेळ तू गेल्यावरच मिळतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अमौसी विमानतळावर जाण्यासाठी टॅक्सी आली. आत्या मागे पेन्सिल घेऊन उभी असणार, म्हणून मी ताठ चालायला लागलो. पण राहवलं नाही, वळलोच. तिच्या हातात वही नव्हती, पेन्सिल नव्हती. गेटवर दोन्ही हात ठेवून ती नुसती बघत होती.

"अरे, वळतोस काय? जा, विमान चुकेल."

मग मी तिच्याकडे पाठ केली आणि टॅक्सीपर्यंतची उरलेली पावलं जमतील तितकी सावकाश टाकली.