बारा ते चार

शहरालगतच्या कुडव्याचा पत्ता वाचूनही दुर्गेश्वरीनं "दुसऱ्या कोणाला पाठवा" असं म्हटलं नाही. गोंदियात सेवकरामजींच्या एसीच्या दुकानात सकाळी नऊला कामाच्या चिठ्ठ्या वाटल्या जातात. तिच्या चिठ्ठीवर हिमांशूचं, तिच्या आधीच्या नवऱ्याचं, नाव होतं. खाली लिहिलं होतं: घर दोन मजली, छतातून थंड हवेचं डक्टिंग झालेलं, थर्मोस्टॅट दोन, बसवून टेस्टिंग करून देणे. सात वर्षांपूर्वी ती त्या घरात सून म्हणून गेली होती आणि वर्षाच्या आत ॲम्ब्युलन्समधून बाहेर पडली होती. सेवकरामजींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं चिठ्ठी घडी करून खिशात घातली, ड्रिलची पेटी स्कूटीला बांधली आणि निघाली.

दुर्गेश्वरी मूळची सालेकशाकडच्या जंगलपट्ट्यातली. लग्नात तिच्या बापानं, उदारामनं, पोरीला मोठा कूलर दिला होता. तो कूलर थेट सासूच्या, वच्छलाबाईच्या खोलीत गेला आणि तिथंच राहिला. नव्या जोडप्याला वरची टिनाची खोली मिळाली. एप्रिल सरत आला होता तेव्हाची गोष्ट. एका दुपारी सासू बाजारात गेलेली पाहून दुर्गेश्वरी कूलरसमोर घटकाभर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. वच्छलाबाईनं येऊन पाहिलं. ओरडली नाही, काही नाही. वर गेली, वरच्या खोलीचा फ्यूज उपसून आणला आणि पदराच्या गाठीत बांधला.

"आता वरच झोपजो," ती म्हणाली. "दुपारी बारा ते चार मले खाली दिसू नको."

हिमांशू त्या दिवसापासून खाली कूलरच्या वाऱ्यात झोपू लागला. "आईले कोण सांगन?" एवढंच तो म्हणायचा. मे अखेरच्या नवतप्याच्या, सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, सहाव्या दिवशी दुर्गेश्वरीला ऊन लागलं. आठ दिवस सलाइनवर होती. दवाखान्याच्या दारात, शेजारी हिमांशू उभा असताना, वच्छलाबाई उदारामला म्हणाली, "जंगलातल्या पोरीले ऊन कसं लागते जी? नखरे होत."

उदाराम पोरीला गावी घेऊन गेला, ते कायमचंच. पुढं फारकत झाली. दुर्गेश्वरीनं आयटीआयला नाव घातलं, एसी-फ्रिज दुरुस्तीच्या ट्रेडला. वर्गात ती एकटीच मुलगी. शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, हाच ट्रेड काऊन घेतला? ती म्हणाली, "थंडी कोणाच्या हातात राहते, ते मले पाहाचं आहे."

कुडव्याचं घर ओळखू येत नव्हतं. टिन गेलं होतं, वर स्लॅबचा मजला चढला होता. दार वच्छलाबाईनंच उघडलं. दुर्गेश्वरीनं तोंडाचा दुपट्टा सोडला.

"तू?"

"दुकानातून आली, मॅडम. थर्मोस्टॅट बसवायचे आहेत."

"दुसरं कोणी नाई का?"

"आहेत न. पण चार दिवस लागतील त्यायले."

बाहेर सकाळीच अडतीस अंश होते. वच्छलाबाईनं तिच्या खांद्यावरून रस्त्याकडं पाहिलं आणि दारातून बाजूला झाली.

थर्मोस्टॅट म्हणजे पंज्याएवढी पाटी. भिंतीवर बसवायची, किती वाजता किती थंडावा हवा ते एकदा भरून ठेवायचं, मग मशीन आपलं आपण चालू-बंद होतं. या घरात एक खाली हॉलमध्ये आणि एक वरच्या मजल्यावर बसवायचा होता. दुर्गेश्वरीनं मेन बंद केलं, टेस्टर लावून पाहिलं, भिंतीतून आलेल्या बारीक रंगीत तारा एकेक करून जागेवर कसल्या.  वच्छलाबाई खुर्ची ओढून तिच्या पाठीशी बसली होती, जणू दुर्गेश्वरी भिंत चोरून नेणार होती. हॉलमधले पंखे काढलेले दिसले. नव्या छताला शोभत नाहीत म्हणून बाईनं काढायला लावले होते. कूलर भंगारात गेला होता.

वर काम करताना हिमांशूची दुसरी बायको, आचल, पाण्याचा तांब्या घेऊन आली. बावीस-तेवीसची असेल. मानेवर घामोळ्यांचा लाल थर होता.

"दुपारी खाली जात नाई का?" दुर्गेश्वरीनं विचारलं.

"मामीजीले झोपाचं राहते," आचल म्हणाली. सासूचं नाव निघताच तिचा आवाज आपोआप खाली गेला. "त्यायले खाली कोणी चालत नाई."

दुर्गेश्वरी तांब्याभर पाणी उभ्यानंच प्यायली.

खाली आल्यावर वेळा भरायच्या होत्या. वच्छलाबाईनं सांगायला सुरुवात केली, सवय असल्यासारखी. "खाली दिवसभर चोवीसवर ठेव. वर बारा ते चार बंद. जवान पोरायले दुपारची कायची थंडी? अन् कोणी हात लावू नाई असं लॉक कर. नंबर मले सांगजो."

बारा ते चार. सात वर्षांत बाईनं एक तासही इकडचा तिकडं केला नव्हता.

"लिहून घेतलं, मॅडम," दुर्गेश्वरी म्हणाली. आधी खालच्या पाटीवर, मग वर जाऊन वरच्या पाटीवर तिनं बाईनं सांगितलेल्या वेळा जशाच्या तशा भरल्या. मजल्यांची तेवढी अदलाबदल केली. बोटं चालत असताना तिच्या छातीत काहीतरी गरम, गोड असं चढत होतं. थांबावंसं तिला एकदाही वाटलं नाही. दोन्ही पाट्यांना तिनं एकच चार आकडी नंबर टाकला.

मग टेस्टिंग. घड्याळात साडेदहा झाले होते. तिनं खालची पाटी वीसवर नेली. आत टक झालं, तीन मिनिटांनी बाहेरचं मशीन घुमू लागलं, जाळीतून वारा सुटला. जाळीशी धरलेल्या थर्मामीटरचा आकडा भराभर उतरला. पाटी परत चोवीसवर आली. वच्छलाबाईनं डोळे मिटून मान मागं टेकवली, त्याच गुंगीत कागदावर सही केली.

"अन् नंबर?"

"तो दुकानात राहते. लागला तं फोन करजा."

खोटं होतं ते. फाटकाशी आचल कुलूप लावायला आली तेव्हा दुर्गेश्वरीनं नंबर तिच्या कानात सांगितला. "दोन्ही पाट्यायले हाच आहे. कोणाले सांगू नको." आचलच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. पण तिनं नंबर ओठातल्या ओठात दोनदा म्हणून पाहिला.

चौथ्या दिवशी सकाळी हिमांशूचा दुकानात फोन आला. सेवकरामजी म्हणाले, "बाई, कुडव्याचा खालचा एसी बारा वाजता बंद होऊन राहिला म्हणतेत, अन् चारले आपोआप सुरू. जाऊन पाय."

ती लगेच गेली नाही. आमगाव रोडचं एक काम आधी आटोपलं आणि बरोबर एक वाजता कुडव्याला पोहोचली.

हॉलमध्ये पाऊल टाकताच वाफ अंगावर आली. खिडक्यांना उघडता न येणाऱ्या काचा होत्या. वच्छलाबाई खुर्चीत बसली होती, केस कपाळाला चिकटलेले, हातात जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. वर थंडावा होता, पण सुनेच्या खोलीत जाऊन बसणं तिला कमीपणाचं वाटत होतं. हिमांशू दारात उभा होता.

"कितवा दिवस?" दुर्गेश्वरीनं विचारलं.

"हा चौथा," हिमांशू म्हणाला.

"मले छत्तीस झाले होते."

वच्छलाबाईच्या हातातला पुठ्ठा थांबला. "तूच केलं न हे?"

"हो, मीच. तुमीच सांगितलेले टाइम होत. मजला तेवढा बदलला."

"अन् मी मरून गेली असती तं?"

"मी नाई मेली."

हिमांशू दारातूनच म्हणाला, "दुर्गा, झालं न आता. कर न बरोबर."

तिनं वळून पाहिलं. "तू तवाही दारातच उभा होता."  थोडा वेळ तो चपलेच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला, मग बाहेर निघून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

आता दोघीच. दुर्गेश्वरी पाटीजवळ गेली, पण बोट लावलं नाही. "एक सांगा. जंगलातल्या पोरीले ऊन लागते का?"

वच्छलाबाईनं पदरानं मान पुसली, गळा पुसला.  दुर्गेश्वरीला घाई नव्हती. घाम तिच्याही पाठीवरून ओघळत होता, पण या घरात घामाची तिला सवय होती.

"लागते," वच्छलाबाई शेवटी म्हणाली. आवाज इतका बारीक की आणखी कोणी असतं तर त्याला ऐकूही गेला नसता. दुर्गेश्वरीला पुरेसा ऐकू आला.

तिनं दोन मिनिटांत खालच्या वेळा नीट केल्या. वारा सुटला तसं बाईनं तोंड फिरवलं. वरच्या पाटीला दुर्गेश्वरीनं हात लावला नाही. वरचा थंडावा होता तसाच राहिला.

फाटकाशी आचल उभी होती. "ताई, मले नंबर माहीत होता," ती म्हणाली. "तीन दिवस मी दाबला नाई."

"भेव नाई वाटला?"

"वाटला न. पण दुपारची झोप लय मस्त लागली."

दुर्गेश्वरीनं तिच्याकडं नीट पाहिलं. पोरीच्या मानेवरच्या घामोळ्या सुकत आल्या होत्या आणि डोळ्यांत काहीतरी नवं, टणक आलं होतं. "आता खालचं बंद करू नको," दुर्गेश्वरी म्हणाली. आचल ओठातल्या ओठात नंबर पुन्हा म्हणत फाटकाला कुलूप लावू लागली.

दुकानात परतल्यावर तिनं सेवकरामजींना सगळं स्वतःच सांगितलं. ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुह्यावर जे झालं ते वाईटच झालं," ते म्हणाले. "पण लोकं आपल्याले घरात घेतेत ते भरोशावर. तू तो मोडला. फोन लावून देतो, माफी माग."

"नाई जी."

"मंग या उन्हाळ्यात घरगुती काम तुले नाई. नागझिऱ्याकडच्या लॉजची सर्व्हिसिंग पाय. रोजचं जाणंयेणं, ऊनच ऊन."

"चालते," ती म्हणाली.

शिक्षा रास्त आहे हे तिला कळत होतं. वाईट मात्र वाटत नव्हतं, आणि तसं तोंड करून उभं राहणं तिला जमलंही नाही. बाहेर येऊन तिनं हातगाडीवर दोन प्लेट पोहे मागवले, वर जास्तीची तर्री. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दुसरी प्लेट संपवून तिनं नागझिऱ्याच्या लॉजवाल्याला फोन लावला आणि उद्या किती मशीनं उघडायची ते विचारून घेतलं.