हापशाचे दात

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, "काकू, जरा मोकळं हसून दाखवा." मी हसले आणि हात आपोआप तोंडावर गेला. बावन्न वर्षांची बाई मी, शाळेत एका आवाजात अख्खा वर्ग गप्प करणारी. पण हसायचं म्हटलं की माझाच हात माझं ऐकत नाही.

मुलीचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं. तिनंच सिडकोतल्या या दवाखान्यात माझा नंबर लावला होता. "आई, लग्नात एक तरी फोटो तोंडावर हात न ठेवता काढ," एवढंच तिचं म्हणणं. माझे समोरचे दात पिवळे नाहीत, चांगले तपकिरी आहेत. कुठे ठिपके, कुठे पट्टे, मध्येच एखादा खडूसारखा पांढरा डाग. डॉक्टरीणबाईंनी दोन मार्ग सांगितले. औषध लावून दात उजळवायचे, म्हणजे दात शाबूत राहतील, रंग थोडा फिका होईल, पण डाग पुरते जाणार नाहीत. नाहीतर व्हेनिअर बसवायचे. म्हणजे दाताचा वरचा पातळ थर घासून काढायचा आणि त्यावर पांढरा पापुद्रा चिकटवायचा. दिसायला झकास, पण घासलेला दात काही परत येत नाही आणि ते पापुद्रेही काही वर्षांनी बदलावे लागतात. "घाई नाही, विचार करून सांगा," असं म्हणून त्यांनी सहज विचारलं, "लहानपणी बोअरचं पाणी प्यायलात का?"

आमचं गाव गंगापूरच्या पुढे. मी आईच्या पोटात होते तेव्हा दुष्काळात सरकारी बोअर घेतला आणि गावात हापसा बसला. तोपर्यंत आई मैलभरावरून पाणी आणायची. हापशाला पाणी लागलं त्या दिवशी तिनं त्याला हळदीकुंकू वाहिलं आणि पहिली कळशी भरली, हे ती पुढं कितीतरी वर्षं अभिमानानं सांगायची. मी आणि माझी थोरली बहीण अक्का, आम्ही त्या हापशावरच वाढलो. एकेकीचं वजन दांड्याला पुरायचं नाही, म्हणून दोघी मिळून लोंबकळायचो. दांडा करकरत खाली यायचा आणि वर जाताना आम्हालाही उचलून न्यायचा. उन्हाळ्यातही ते पाणी गार असायचं. ओंजळ लावून प्यायलं की कोपरापर्यंत ओघळ यायचे. आज घरात फिल्टर आहे, फ्रिज आहे, पण तसं पाणी मी पुन्हा प्यायले नाही.

आईचे दात मात्र पांढरेशुभ्र. ती गोदाकाठच्या माहेरी वाढलेली. त्यामुळे आमचे दात असे का, हे तिला काही केल्या कळेना. तिच्या मते आम्ही दोघी आळशी होतो, दुसरं काय! रोज सकाळी ती समोर बसवून आमच्याकडून राखुंडी लावून घ्यायची. गोवरीची राख, त्यात मीठ. डाग हटेनात म्हणून त्यात विटेचा भुगा आला. हिरड्यांतून रक्त यायचं, आम्ही चुळा भरायचो, आई आमचे ओठ वर करून बघायची आणि म्हणायची, "अजून घास."

अक्काला बघायला पाहुणे यायचे त्या दिवशी तर आई स्वतः घासायला बसायची. आणि वर बजावायची, "हसू नगं. हसायचं आलंच तर हात लाव तोंडाला." अक्का मुळात खिदळणारी पोरगी. दोन ठिकाणांहून नकार आले, तशी ती घरातही हात लावून हसायला लागली. तिचं बघून मी. तिसऱ्या खेपेला जमलं, कारण नवरदेवाच्या गावचा हापसा आमच्याच हापशाचा भाऊ निघाला. दाजी हसले तेव्हा मांडवात आमच्याकडच्यांच्या जिवात जीव आला.

पुढं माझं लग्न व्हायच्या आधी तालुक्याची माणसं आली, पाणी तपासून गेली आणि हापशाला लाल रंग फासला. हे पाणी पिऊ नका, लेकरांचे दात यातल्या फ्लोराइडनंच डागाळले, असं त्यांनी गावाला सांगितलं. आई घरी आली. कोनाड्यातला राखुंडीचा डबा उचलून उकिरड्यावर रिकामा करून आली आणि कितीतरी वेळ माझ्या गालावरून हात फिरवत बसली. मला आईची आठवण येते ती सगळ्यात जास्त त्या हाताची.

दवाखान्यातून घरी येईपर्यंत हे सगळं आठवत राहिलं आणि मी भारावून गेले. ठरवून टाकलं, काही करायचं नाही. हे दात म्हणजे माझं गाव, माझं बालपण, माझी अक्का. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. त्याच भरात अक्काला फोन लावला, दोन्ही उपाय समजावून सांगितले आणि म्हटलं, "पण मी नाही करणार अक्का. आपण दोघी सारख्याच राहू."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं, हिला भरून आलं.

मग ती म्हणाली, "माझे व्हतील का गं तसले पांढरे?"

दवाखान्याच्या खुर्चीत बसून, दोन उपाय ऐकून, नको म्हणण्याची चैन मला परवडत होती. तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात ती गंगापूरपर्यंत जीपनं आणि तिथून एसटीनं आली. मी तिला बसस्टँडवरून थेट दवाखान्यात नेलं. दात थोडे घासावे लागतील, असं डॉक्टरीणबाईंनी जपून सांगितलं तर म्हणते, "घासा की. आमच्या आईनं काय कमी घासलेत व्हय?" त्यांनी आधी नुसतं बघण्यापुरतं, दात न घासता, वरून पांढरं मटेरियल लावलं आणि आरसा दिला. अक्का बघतच राहिली. "ही कोन म्हनायची?" असं म्हणून ती हसली, आणि तिचा हात वर गेला. मी तो मधेच पकडला. "सोड की," ती म्हणाली. मी सोडला नाही.

तिनं व्हेनिअर बसवले. मी माझे उजळवून घेतले. डाग आहेत, पण फिके आहेत, आणि मला ते आता चालतात.

लग्नाच्या फोटोत आम्ही दोघी बहिणी तोंडभर हसतोय, दोन्ही हात एकमेकींच्या हातांत घट्ट. बघणारे म्हणतात, किती प्रेम आहे हो! प्रेम आहेच. पण खरं सांगायचं तर आम्ही एकमेकींचे हात खाली धरून ठेवलेत.