सुखदेव गाडीतून का उतरला

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावालाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही सुखदेवला ओळखत नाही म्हणून — एवढंच असेल.

शहापूरला माझा फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो. गोंदिया आमच्या जिल्ह्यातून वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेतला आणि डोक्यात खूळ शिरलं — जंगलातले प्राणी टिपायचे. सुखदेव माझ्या वर्गातला, अभयारण्यात गाइड. तेव्हा स्वतःची गाडी आत नेता यायची, गाइड सोबत असला की झालं. उन्हाळ्यातल्या एका सकाळी आम्ही दोघंच निघालो.

चितळ मिळाले, एक गवा मिळाला. मग तलावाच्या पाळीखाली अस्वल दिसलं. मादी. पाठीवर दोन पिलं, केस गच्च धरून बसलेली. असं काही मी पुन्हा कधी पाहिलं नाही. पण मध्ये झुडूप येत होतं. मी दार उघडलं.

"कायले उतरून राह्यला बे? पिल्लावाली हाये ते!" सुखदेव दबक्या आवाजात ओरडला.

मी ऐकलं — हो, नीट ऐकलं. आणि उतरलो. झुडपाच्या पुढं गेलो. डोळा कॅमेऱ्याला होता. पिलं पाठीवरून घसरताना दिसली, आणि मग नुसतं काळं. कुणीतरी मला मागं ओढलं. मी पडलो, उठलो, गाडीत शिरलो, दार लावून घेतलं. सुखदेव बाहेर होता. मला माहीत होतं का? होतं.

मी हॉर्न दाबून धरला. अस्वल गेल्यावरच खाली उतरलो. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू — नको, ते नाही सांगत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात वनखात्याच्या साहेबांनी विचारलं, आधी कोण उतरलं? मी म्हणालो, "तोच, साहेब. मी नाही म्हणत होतो. पिल्लावाली आहे म्हटलं त्याले."

त्याचेच शब्द. मी ते उचलून माझे करून टाकले. घाबरलो होतो म्हणू? घाबरलेला माणूस इतकं जुळवून बोलतो?

सुखदेव वाचला. डोळा गेला, जबडा वाकडा झाला, बोलणं पटकन कुणाला कळेना. काम सुटलं — नियम मोडणाऱ्या गाइडला कोण ठेवणार? गाव म्हणायचं, हिंमत दाखवायला गेला होता. त्याच्या बापानं तर बोलणंच टाकलं. तोंडाला दुपट्टा बांधून तो दिवसभर धानाच्या बांधीवर बसायचा. लग्नाकार्याला जाणं बंद.

एकदा भेटायला गेलो, तेव्हा त्यानं दुपट्टा सोडला. एकेक शब्द जुळवत म्हणाला, "तू सांगशीन का गा, बाबाले? फक्त बाबाले."

साहेबांना सांग म्हणाला नाही. गावाला सांग म्हणाला नाही.

"सांगतो ना," मी म्हणालो. म्हातारा तिथंच, अंगणात बसला होता. मी त्याला रामराम केला आणि मोटरसायकलला किक मारली.

म्हातारा गेला. पुढं काही वर्षांनी सुखदेवही गेला. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. तेरवीला मी गेलो होतो. पंगतीत त्याची बायको पाहुण्यांना माझ्याकडं बोट करून सांगत होती, "यायनं किती नाही म्हटलं होतं, तरी आमचे उतरलेच."

मग ती वाढायला माझ्यापुढं वाकली. "घ्या ना भाऊजी, अजून थोडं."

मी पत्रावळ पुढं केली.