राबियामावशीची सही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, निखिलला तर नाहीच. भरभर टाइप करतेय, कारण थांबले तर सगळं पुसून टाकेन — मला माहितीय मी कशी आहे.

आधी लेबलचं सांगते, ते सोपंय. मी गाते, कीबोर्ड वाजवते. निखिल गिटार. एका कंपनीनं आमचं गाणं काढलं आणि आमची नावंच गाळली! म्हणून आम्ही दोघांनी स्वतःचं म्युझिक लेबल काढलं — वराळ्यात, त्याच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या लावून. प्रत्येक कव्हरवर आमचं एकच वाक्य असतं: ज्याचं गाणं, त्याचं नाव. ते वाक्य मी सुचवलेलं. मी.

मळवलीला राबियामावशी एक बंगला सांभाळते. तिथं शांत असतं म्हणून रेकॉर्डिंगला गेलो होतो, आणि ती अंगण झाडताना गुणगुणत होती तेच आमच्या सगळ्या गाण्यांपेक्षा भारी होतं. तिचा नवरा खंडाळ्याला रेल्वेत गँगमन होता, घाटातच गेला. घाट चढताना गाडीला मागून ढकलायला जास्तीचं इंजिन लावतात ना, आणि वर आलं की सोडून देतात — त्याच्यावर गाणं —

पुढल्या इंजिनाला बाई हिरवा झेंडा दावी,
मागून जो ढकलतो त्याचं नाव कोण घेई

अंगावर काटा आला होता, खरंच. मी विचारलं, कुणी शिकवलं? तर मावशी हसली. "झाडू शिकवतो व्हय गाणं? मीच केलंय की गं, बाजावाले!"

म्हणजे मला माहीत होतं. नव्हतं का? शब्द तिचे, चाल तिची. स्पष्ट माहीत होतं.

तिच्याकडून शिकून ते मी गायले. अपलोड करताना फॉर्म भरावा लागतो — गीत कुणाचं, संगीत कुणाचं, आवाज कुणाचा. 'गीत'पुढं मी तिचं नाव लिहिलं. मग 'संगीत' आलं आणि — कसं सांगू — तिथं मला माझं नाव दिसायला लागलं. चार सूर तर लावलेत मी कीबोर्डचे! लिहिलं माझं. पण वर तिचं नाव राहिलं असतं तर निखिलनं विचारलंच असतं, चाल पण तिचीच ना? म्हणून वरचं खोडलं. 'पारंपरिक' लिहिलं. म्हणजे जुनं, सगळ्यांचं. कुणाचंच नाही. निखिलला म्हटलं, अरे, जुनी ओवी आहे, मावशीच म्हणाली. त्यानं विश्वास ठेवला.

इथंच थांबले असते तर —

गाणं चाललं. छापलेलं कव्हर घेऊन आम्ही मळवलीला गेलो. निखिल गेटपाशी बाईक लावत होता. मावशीला वाचता येत नाही. पदराला हात पुसून तिनं कव्हर घेतलं आणि विचारलं, "माझं नाव कुटं हाय?"

मी 'पारंपरिक'वर बोट ठेवलं. म्हटलं, "हे काय, हितं."

हितं म्हटलं मी. तिच्या बोलीत.

तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "लय लांब हाय की गं माझं नाव!"

हो मावशी, म्हटलं. लांबच असतं.

पुढच्या खेपेला गेले तर ती ओल्या बोटानं पायरीवर काहीतरी गिरवत होती. सही शिकतीय म्हणाली, कव्हर बघून बघून. किती खूश होती माहितीय? तेव्हा तरी सांगायचं ना? मी चहा प्यायले आणि निघाले.

मग ग्रामसभा झाली. हजेरीच्या वहीपाशी तिच्यापुढं शाईचं पॅड सरकवलं, तर म्हणाली, अंगठा न्हाई, सही करते. सगळ्यांसमोर, वेळ घेऊन, एकेक अक्षर काढलं. वही धरणाऱ्यानं मोठ्यानं वाचलं — पारंपरिक! अख्खी सभा हसली. आता पोरं तिला "ओ पारंपरिक!" म्हणून हाक मारतात. हे मला स्टेशनजवळच्या चहावालीनं गंमत म्हणून सांगितलं.

आणि मी हसले. तिच्यासोबत, कप हातात धरून, हसले.

त्यानंतर एकदाच गेले. तिनं मांडणीवर उभं करून ठेवलेलं कव्हर आता तिथं नव्हतं. मावशी भांडली नाही. बाजावाले म्हणाली नाही. तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "पाणी घ्या, मॅडम."

फॉर्ममधलं नाव बदलायला दोन मिनिटं लागतात. मी तो कितीदा उघडलाय. बदललं तरी ते तिला वाचून कोण दाखवणार, आणि दाखवलं तरी ती आता कुणाच्या बोटावर विश्वास ठेवणार? पण न बदलण्याचं कारण ते नाहीये. निखिलला कळेल, हे आहे.

वहीत ती आता पुन्हा अंगठा लावते. गाणं अजून माझ्याच नावावर आहे.