घरी सांगून निघा

वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सावंतकाका आधी वाचायचे, मग बारीक फाडून चुलीत घालायचे. लालबागच्या आमच्या चाळीत आम्ही मुली त्यांना पाठीमागे 'अग्निहोत्री' म्हणायचो. लढाईच्या काळात ते आरमारात होते, एवढंच ठाऊक. तिथं काय करत होता, असं विचारलं की म्हणायचे, "बसान होतंय." काकूंनाही याहून जास्त माहीत नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत माझा दादा नाक्यावरच्या फळ्यावर मोर्चाची खबर लिही. गोळीबार झाला त्या दिवशी तो न सांगताच गेला आणि परतला नाही. चार दिवस वडिलांनी इस्पितळं आणि पोलीस कोठड्या पालथ्या घातल्या. आईनं अन्न सोडलं.

पाचव्या दिवशी चाळीत लपूनछपून एक पत्रक आलं. परळला आदल्याच दिवशी झालेल्या लाठीमाराची त्यात बातमी होती. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, अक्षरही कुणाचंही वाटावं असं. काकांनी ते दोनदा वाचलं, दादा फळ्यावर कसं लिहायचा ते मला खोदून खोदून विचारलं आणि आईपुढे येऊन बसले.

"वयनी, जेवा. तुमचो झील जिवंत आसा."

दादा फळ्यावर आधी वेळ लिही, मग ठिकाण, आणि शेवटी न चुकता 'घरी सांगून निघा'. पत्रकातही अगदी तसंच होतं. आईचा विश्वास बसेना, तेव्हा काकांनी इतकी वर्षं पाळलेली गुप्ततेची शपथ मोडली. शत्रूच्या जहाजांचे सांकेतिक संदेश ते उलगडत असत.

"एक जहाज रोज सकाळी पयला हवामान सांगायचा. थंयच आमच्या हाताक गावायचा. माणूस नाव बदलता, सवय बदलना नाय."

आई त्या दिवशी जेवली. मला मात्र हुंदका आवरेना, इतकं हलकं वाटलं होतं. काका पत्रक चुलीत घालत म्हणाले, "माका कळला ता पोलिसांकपण कळतला. शेवटची ओळ गाळूक सांगा त्येका."

पत्रक आणणाऱ्या गिरणी कामगारानं आधी कानांवर हात ठेवले, पण निरोप नेला. पुढच्या पत्रकात ती ओळ नव्हती. आईनं देवापुढे साखर ठेवली. महिन्याभरानं दादा घरी आला.

पुढे काही वर्षांनी काका गेले. त्यांच्या ट्रंकेत लिहिलेला एकही कागद निघाला नाही. खांदा द्यायला दादा लगबगीनं उठला, पण उंबऱ्यात थांबून आत वळला.

"आये, काकांका पोचवून येतंय."